बॉनेटखालचा पत्रव्यवहार

आमच्या गल्लीत कुणाचं कुणाशी का वाजलं, कुणाची सून रुसून माहेरी किती दिवस राहिली आणि कुणाच्या पांढऱ्या रश्शात नारळ कमी पडला, याची पक्की खबर हवी असेल तर लोक माझं दार वाजवतात. मीही कुणाला विन्मुख पाठवत नाही. पण भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या लालासाब शिकलगारांच्या बाबतीत मी अकरा वर्षं सपशेल नापास झाले. माझ्या हातात नुसतं टरफल होतं. शेंगदाणा गेल्या दिवाळीनंतर सापडला. "हे लिहू का मिस्त्री?" असं विचारलं, तर म्हणाले, "लिवा की वहिनी. खरं नाव बदलू नगा. नाव बदलल्यालं गुंड्याला कळलं तर म्हणंल, ह्यो पुन्यांदा पळाला."

तर लालासाब. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले टर्बोचे मिस्त्री. वय अठ्ठावन्न, अंगानं वाळक्या शेवग्यासारखे. डाव्या भुवईचे केस कधीतरी गरम वाफेनं उडाले, ते परत आलेच नाहीत. त्यामुळं चेहऱ्याची एक बाजू कायम चकित दिसते. गळ्यात डॉक्टरासारखी रबरी नळी. गिऱ्हाईक गाडीचं दुखणं सांगायला लागलं की हे नळीचं एक टोक कानात घालतात, दुसरं इंजिनाला लावतात आणि गिऱ्हाइकाला म्हणतात, "तुमी गप ऱ्हावा, ती सांगत्या."

"घर में बी ऐसाच है," त्यांची बायको ताजबी मला सांगते. "मैं बोली तो सुनते नै. मिक्सर बोल्या तो उठको बैठते."

गॅरेजवर पाटी आहे : 'गुंडू-लालासाब टर्बो वर्क्स'. दर दसऱ्याला ती नव्यानं रंगते. दोन्ही नावं, आणि गुंडूचं आधी. दर दसऱ्याला पेंटर नवा असतो आणि दर दसऱ्याला तो विचारतो, "गुंडू कोन?"

"पार्टनर हाय."

"दिसला न्हाय कवा?"

"गावाकडं गेलाय."

असं म्हणतात, जणू गुंडू सकाळच्या एस.टी.नं गेलाय आणि संध्याकाळपर्यंत भाजी घेऊन येईल. गेला त्याला अकरा वर्षं झाली.

गुंडू खोत कोडोलीचे. माझंही माहेर कोडोलीच, त्यामुळं ते मला गुंडूआण्णा. लालासाब आणि ते एकाच मालकाच्या हाताखाली शिकले आणि मग भागीत गॅरेज काढून वीस वर्षं राबले. एकमेकांना त्यांनी सरळ नावानं हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नाही. 'लाल्या' आणि 'गुंड्या' हे त्यातल्या त्यात लिहिण्याजोगे. उद्यमनगरातनं जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटायचं, आत खून पडतोय. आत दोघं पाइपाची लांबी मोजत असायचे.

आणि भांडण झालं तेही पाइपावरूनच. माझी करंगळी जेमतेम जाईल एवढा पाइप. त्याला ब्रीदर म्हणतात.

आता मला इंजिनातलं काय कळतं म्हणून नाक मुरडू नका. मिस्त्रींच्या शेजारी वीस वर्षं राहिलं की आपोआप कळतं. इंजिनात पेटलेल्या गॅसचा थोडा वाटा पिस्टनच्या कडेनं निसटून खाली तेलाच्या पोटात उतरतो. तो तेलाची वाफ घेऊन बाहेर पडायला बघतो. वाट दिली नाही तर पोट फुगतं, आणि जिथं सील कच्चं असेल तिथनं तेल बाहेर. म्हणून ब्रीदर. साध्या गाडीत इंजिन स्वतःच ती वाफ परत ओढून जाळून टाकतं. पण टर्बोच्या गाडीत गोची अशी, की गाडी नुसती उभी असताना इंजिन ओढतं, आणि पाय दाबला की इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो त्याच वाटेनं उलटा फुंकतो. म्हणजे दार असं पाहिजे, की बाहेर जाणाऱ्याला जाऊ देईल आणि आत येणाऱ्याच्या तोंडावर बंद होईल. आमच्या गल्लीतल्या काही घरांना असंच दार आहे, पण तो विषय वेगळा.

गुंडूआण्णांचं म्हणणं, ही भानगडच नको. पाइप खाली रस्त्याकडं मोकळा सोडा. "माणूस सोडल्याला श्वास परत घेतो का रं?"

लालासाबांचं म्हणणं, "मग दुसऱ्याच्या नाकात का सोडतोस? मधी डबा लाव, त्यल डब्यात ऱ्हाऊ दे, ऱ्हायल्यालं इंजिनाला परत दे."

यावर दोघं वीस वर्षं गोडीगुलाबीनं भांडत होते. मग एक वर्षी हौशी मंडळींनी वाघबिळापासून पन्हाळ्याच्या चढावर गाड्यांची चढाई ठेवली. राजवर्धन नावाच्या एका बागायतदाराच्या पोराची लाल रंगाची बारकी पेट्रोल गाडी होती. या दोघांनी तिला टर्बो बसवला. आख्खी कोडोली बघायला गेलेली. मीही होते, भावाच्या पोरांना घेऊन. गुंडूआण्णा गावातल्या प्रत्येकाला खांद्याला धरून सांगत होते, "आपली गाडी. ती लाल." गाडी सुटली, पहिलं वळण झकास घेतलं, आणि दुसऱ्या वळणावर बॉनेटखालनं असा पांढराशुभ्र धूर निघाला की वरची माणसं दिसेनात. गाडी बंद. तेल सगळ्या रस्त्यावर. गावानं आधी श्वास रोखला आणि मग हसायला सुरुवात केली. कोडोलीकर हसायला लागले की पोटभर हसतात. त्या दिवसापासून गुंडूआण्णांचं नाव पडलं 'धूरगुंडू'.

आठवड्याच्या आत ते पान्यांची पिशवी घेऊन गावाकडं गेले. लोक म्हणाले, पाइप मोकळा ठेवायचा की जोडायचा यावरून फाटलं. मीही तेच सांगत फिरले. एवढंच टरफल माझ्याकडं होतं.

दोन वर्षांमागं मी गाडी घेतली. दुसऱ्या हाताची, तीन सिलिंडरची, पेट्रोल, टर्बोवाली. गेल्या संक्रांतीच्या सुमारास ती शिट्टी मारायला लागली. गाडी उभी असली की बॉनेटमधनं बारीक शिट्टी, आणि सकाळी चालू करताना निळसर धूर. लालासाब तेव्हा लेकीकडं मिरजेला गेलेले, म्हणून दुसऱ्या एका गॅरेजात नेली. तिथल्या पठ्ठ्यानं तेलाचं झाकण काढलं, वर तळहात धरला, तोंड पाडलं आणि म्हणाला, "ताई, बॅक मारतंय, आतला गॅस वर फुकतोय. इंजिन खोलावं लागंल."

लालासाब आल्यावर त्यांना सांगितलं, तर त्यांच्या दोन्ही भुवया, म्हणजे दीड, वर गेल्या. गाडी चालू करून त्यांनी झाकण काढलं आणि तोंडावर भाजीची पातळ पिशवी धरली. पिशवी फुगायच्या ऐवजी खपकन् आत ओढली गेली.

"बॅक मारतंय म्हणं! ही फुकत न्हाय वहिनी, ही ओढत्या. ब्रीदरच्या दाराचा पडदा फाटलाय. इंजिनाला काय सुदीक झाल्यालं न्हाय. तळहातानं एवढं कळतंय व्हय? वारं कुठनं कुठं जातंय ह्ये बघाया नगं?"

त्यांनी फाटका पडदा बदलला. शिट्टी गेली. मग स्वतःच्या हौसेनं लेथवर एक अॅल्युमिनियमचा डबा काढला, चहाच्या पेल्याएवढा, आणि तो पाइपाच्या मध्ये बसवला. महिनाभरानं उघडून दाखवला तर तळाशी ताकात काजळ कालवावं तसं काहीतरी. "ह्ये तुमच्या इंजिनात जाणार हुतं," म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या तोंडातनं येतं त्यापेक्षा बरंच दिसतंय." ते हसले. पाइप मोकळा ठेवणाऱ्यांची खिल्ली उडवायची संधी असूनही काही बोलले नाहीत, हे मी तेव्हा टिपून ठेवायला हवं होतं.

पुढच्या रविवारी मी माहेरी गेले आणि गाडीचा हॉर्न बंद पडला. हॉर्नशिवाय कोल्हापुरात गाडी चालवणं म्हणजे तोंडाशिवाय माझं जगणं. आमच्या घरामागच्या आळीतच गुंडूआण्णांची शेड. आता ते ट्रॅक्टर, फवारणीचे पंप असलं काहीबाही दुरुस्त करतात. त्यांनी बॉनेट उघडलं आणि हॉर्नकडं बघायचं सोडून डब्याकडं बघत उभे राहिले.

"ह्यो कुणी लावला?"

"आमच्या शेजारच्यांनी."

"हं." त्यांनी डब्यावरनं बोट फिरवलं. लेथचे बारीक वळसे बोटाला लागत असावेत. मग एकाएकी चिडले. "गाढव हाय! टर्बोच्या अंगाला डबा लावलाय. तितं चूल पेटल्याली अस्त्या. गरम डब्यात वाफ वाफच ऱ्हाणार की, त्यल खाली पडायचं कसं?"

हॉर्न पाच मिनिटांत झाला. डब्याला दीड तास लागला. त्यांनी तो उचलून पलीकडं, बॅटरीच्या बाजूला, वारं लागेल अशा जागी बसवला.

मी परत आले आणि लालासाबांना म्हटलं, "मिस्त्री, तुमचा डबा कुणीतरी हलवलाय, बघा." बॉनेट उघडलं. त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग नुसतं म्हणाले, "बरोबर हाय."

"कुणी हलवला, विचारा की."

"कशाला इचारू? क्लिपांची तोंडं खाली हायत. त्याला वरनं स्क्रू दिसल्याला चालत न्हाय." आणि मग, नळी गळ्यात फिरवत, "बारीक झालाय का?"

"कोण?"

"वहिनी, नाटकं करू नगा."

"झालेत थोडे. चष्मा लागलाय."

"कसल्या काड्यांचा?"

आता गुंडूआण्णांच्या चष्म्याच्या काड्या कसल्या हे मी कशाला बघतेय! पण सांगितलं, काळ्या. त्यांनी मान हलवली, जणू काळ्या काड्या ही फार मोठी बातमी होती.

"एवढं वाटतंय तर जा की कोडोलीला. पंचवीस किलोमीटर पण नाही."

"जायचं हाय, खरं येळ कुठाय?" असं म्हणून ते रिकाम्या गॅरेजात रिकाम्या बाकावर जाऊन बसले.

त्यानंतर माझी गाडी म्हणजे टपालाची पेटी झाली. लालासाब काहीतरी करायचे, मी माहेरी जायचे, गुंडूआण्णा त्याचं उत्तर लिहायचे. लालासाबांनी पाइप जाड केला. गुंडूआण्णांनी जाडी मान्य केली, पण पाइपाला मध्ये पोट सुटलं होतं ते काढलं, "पोटात पानी साठतंय, त्याला सांग, उतार एकसारखा पायजे." लालासाबांनी डब्याला खाली तोटी लावली. गुंडूआण्णांनी तोटी फिरवून अशी केली, की बॉनेटमध्ये वाकल्यावर माझ्या साडीला तेल लागणार नाही. ही एक सुधारणा मला कळली. बाकीच्यांना मी नुसतं "वा वा" म्हणत होते.

श्रावणात लालासाबांनी कहर केला. डब्याच्या आत भांडी घासायची तारेची घासणी कोंबली.

गुंडूआण्णांनी डबा उघडला आणि त्यांच्या तोंडातनं जे निघालं ते ऐकून गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवली. "घासणी? इंजिनात घासणी? एक तार सुटून टर्बोत गेली तर टर्बोचा भुगा हुईल! ह्येच शिकलो व्हय आमी मालकाकडं?" घासणी उकिरड्यावर गेली. त्यांनी पत्र्याच्या चकतीला बारीक भोकं पाडून ती आत बसवली.

मी परत आले तर लालासाब दारातच उभे. "काय म्हणला?"

"शिव्या दिल्या."

"कसल्या?"

"मिस्त्री, मी सभ्य घरची बाई आहे."

"पयली कुठली दिली, तेवढं तरी सांगा."

मी सांगितली. त्यांनी डोळे मिटले. मग दुसरी सांगितली, तिसरी सांगितली. त्यांचा चेहरा असा झाला, जसा फार दिवसांनी आवडतं पान तोंडात टाकल्यावर होतो. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला.

"घासणी तुम्ही मुद्दाम घातली होती!"

"चार दिसात काय हुत न्हाय."

"माझ्या टर्बोवर तुम्ही शिव्या मागवल्या?"

"वहिनी," ते म्हणाले, "अकरा वरसात मला कुणी नीट शिवीच दिल्याली न्हाय."

यावर माझ्याकडं एक चांगला टोमणा तयार होता. तो मी गिळला. मला गिळायची सवय नाही, म्हणून लक्षात आहे.

दिवाळीनंतर मी गेले तेव्हा गुंडूआण्णांनी एक शब्द काढला नाही. शिवी नाही, टोमणा नाही. डब्याच्या पुढचा छोटा वाल्व, म्हणजे तेच एका बाजूनं उघडणारं दार, त्यांनी काढला आणि खोक्यातनं दुसरा आणून बसवला. पितळी, अंगठ्याएवढा. हातानं फिरवून घट्ट केला, फडक्यानं पुसला आणि बॉनेट लावलं.

"काय सांगू त्यांना?" मी विचारलं.

"काय नगं. बघंल त्यो."

लालासाबांनी बघितलं. पितळी वाल्व. त्याच्या अंगावर तांबड्या ऑइलपेंटनं काढलेला बाण. एका बाजूनं नाही, चारी बाजूंनी. कसाही धरला तरी बाण दिसेल असा. वारं कुठनं कुठं जायचं, ते सांगणारा.

लालासाब मागं सरकले आणि आडव्या पडलेल्या टायरवर बसले. मला वाटलं चक्कर आली. मी ताजबीला हाक मारली. ती चहा घेऊनच आली, कारण तिची समजूत अशी, की नवऱ्याला जे काही होतं ते चहा नसल्यामुळं होतं.

"ह्यो वाल्व मी काढल्याला हाय," लालासाब म्हणाले. "लेथवर. ह्यो त्योच वाल्व हाय."

"कुठला तोच?"

मग त्यांनी सांगितलं. चढाईच्या दिवशी पहाटे, नमाज पढून, ते एकटेच गॅरेजात आले होते. गुंडूआण्णांनी आदल्या दिवशी पाइप मोकळा सोडला होता. यांच्या मनाला ते पटेना. गुंडूला न विचारता त्यांनी पाइप इंजिनाला जोडला आणि मध्ये हा वाल्व घातला. "फुकून बघितला. ह्या तोंडानं वारं जातंय, त्या तोंडानं न्हाय. बरोबर. तेवढ्यात फोन वाजला. वाल्व फळीवर ठेवला, फोन घेतला, आणि उचलला तो उलटा. दोनी तोंडं सारखीच की. फुकल्याबिगर वाल्व बसवायचा न्हाय, ह्यो आमचा नेम. त्या दिशी परत फुकलंच न्हाय."

उलट्या वाल्वनं टर्बोचा सगळा जोर इंजिनाच्या पोटात गेला. तेल मोजायची कांडी उडाली, तेल तापलेल्या टर्बोवर पडलं आणि धूर.

"मेरा फोन था," ताजबी हळू म्हणाली. "मैं क्या बोली थी? आतेसो पाव लाव, इतनाच बोली थी."

"मग एवढी चूक कुणाचीही होते," मी म्हटलं. "त्यावरनं का गेले ते?"

लालासाबांनी बशीत चहा ओतला आणि तसाच ठेवला. "त्यानं बॉनेट उघाडलं. वाल्व बघितला. समदा गाव भवतीनं. त्यानं मला इचारलं, 'लाल्या, पाइप कुणी जोडला?' आणि मी म्हटलं, 'मला काय म्हाईत? शेवटचा हात तुझा.'"

 पलीकडच्या फौंड्रीत हातोडा चालू होता.

"त्यानं वाल्व काढून खिशात घातला. मला वाटलं, लोकास्नी दाखवंल. रोज वाटायचं, आज दाखवंल. दाखिवलाच न्हाय. धूरगुंडू, धूरगुंडू म्हणून पोरं वरडायची त्याच्या मागं. तरीबी न्हाय."

"आणि इतकी वर्षं तुम्ही...?"

"दर आयतवारी निघायचो वहिनी. कवा रंकाळ्यापर्यंत, कवा वाघबिळापर्यंत. वाघबिळाच्या फुडं गाडी जातच न्हाय माजी."

गल्लीतली अकरा वर्षांतली सगळ्यात मोठी बातमी माझ्या हातात होती आणि ती कुणाला सांगावीशी वाटेना. मी म्हटलं, "रविवारी मी चालवते. माझी जाते पुढं."

रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. सोबत काय न्यायचं यावर नवरा-बायकोत पाऊण तास वाद झाला आणि शेवटी मिस्त्री एकटेच, रिकाम्या हातानं निघाले. वाघबिळाच्या चढाला त्यांनी खिडकीची काच खाली केली, वर केली, परत खाली केली. मी म्हटलं, "मिस्त्री, हवा पाहिजे की नको?" त्यांनी काच परत वर केली.

गुंडूआण्णा शेडच्या दारात फवारणीचा पंप खोलून बसले होते. लालासाब गाडीतनं उतरले. गुंडूआण्णांनी वर बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "या पावणं."

पावणं! वाट चुकलेल्या माणसाला म्हणतात तसं. लालासाबांच्या तोंडावर थप्पड बसल्यासारखं झालं. पण ते मागं वळले नाहीत.

"वाल्व मी बसिवलाता," उभ्यानंच म्हणाले. "उलटा. पाइप मीच जोडलाता. तू इचारलंस तवा खोटं बोललो."

"व्हय," गुंडूआण्णा म्हणाले. पंपाचा वॉशर पुसत राहिले. "एवढं सांगायला अकरा वर्सं लागली? तोंड काय भाड्यानं दिलंतंस?"

"तू तरी का सांगितलं न्हाईस गावाला?"

"मी का सांगू? तुझं हुतं, तू सांगायचं."

आतनं त्यांची बायको धोंडुबाई आली. तिनं लालासाबांना बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मग मला म्हणाली, "पयल्या वर्साला रस्त्यावर गाडीचा आवाज आला की हे मला म्हणायचं, च्या ठेव, लाल्या आला आसंल. किती च्या मी म्हशीच्या आंबोणात वतला म्हणून सांगू?"

"गप बस की तू," गुंडूआण्णा म्हणाले.

"आणि दुसऱ्या वर्साला?" लालासाबांनी विचारलं.

"दुसऱ्या वर्साला सांगायचं बंद केलं," धोंडुबाई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

लालासाब मग त्यांच्यासमोर उकिडवे बसले. पंपाचा एक भाग उचलून पुसायला लागले. दोघं शेजारी शेजारी पुसत होते. मी उंबऱ्यावर बसून, जन्मात पहिल्यांदा, न विचारता गप्प होते.

"चल की परत," लालासाब म्हणाले. "बोर्डावर नाव हाय तुझं अजून."

"ऐकलंय. लोकास्नी सांगतोस म्हणं, गावाकडं गेलाय."

"मग खोटं हाय का? गावाकडंच हाईस की."

गुंडूआण्णा हसले. हसू आलं आणि लगेच गेलं. "न्हाय रं. गुडघं गेलं. गाडीखालच्या पिटात उतारलो तर वर काढायला चार मानसं लागतील. हितं म्हशी हायत, ऊस हाय. आणि खरं सांगू? आदी उद्यमनगरचं सपान पडायचं. रोज. लेथ चालू हाय, तू वरडतोयस. आता तेबी पडत न्हाय." त्यांनी वॉशर जागेवर बसवला आणि अंगठ्यानं दाबला. "लई उशीर केलास लाल्या."

लालासाबांनी मान खाली घातली. माफ केलं, असं कुणी म्हणालं नाही. माफ कर, असंही नाही. चहा आला, पिऊन झाला. मग दोघं माझ्या गाडीपाशी गेले, बॉनेट उघडलं, आणि गुंडूआण्णा म्हणाले, की एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा पाइप मोकळा सोडला असता तर काय बिघडलं असतं. लालासाबांनी त्यांना एक शिवी दिली. ती मी इथं लिहीत नाही.

परतताना रस्त्यावर ऊसवाहतूक चालू होती. समोर दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, आणि त्याच्या मागं आम्ही बैलगाडीच्या वेगानं. लालासाब समोरच्या उसाच्या शेंड्यांकडं बघत बसले होते. माझ्याकडं बोलायला खूप होतं, पण जे तोंडात यायचं ते हलकं वाटायचं. जो माणूस आणायला गेलो होतो तो मिळाला, आणि मिळाला तरी आला नाही, यावर काय विनोद करायचा?

वाघबीळ ओलांडलं तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, गाडीत आवाज येतोय का ओ?"

मी रेडिओ बंद केला. कान दिला. इंजिन असं गुळगुळीत चाललं होतं, की चालू आहे की नाही हे बघायला काटा बघावा लागला.

"कसला आवाज?"

"बारीक हाय. डाव्या अंगाला."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. इस्त्रीच्या शर्टाची बाही दुमडत होते, सोडत होते.

"येतोय की," मी म्हटलं. "चांगलाच येतोय. लहानसहान नाही वाटत मला."

"एकट्याला सापडायचा न्हाय त्यो."

"नाहीच सापडायचा."

"फुडच्या आयतवारी मोकळ्या हायसा का?"

समोरचा ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्याला वळला आणि वाट मोकळी झाली. तरी मी गाडी हळूच ठेवली. आवाज ऐकायचा होता ना.